वाचकांचे प्रश्न : पँथर जिथून निघाला ती लाऊंड्स काउंटी

दलित पँथरच्या नावाचा माग काढत गेलं की ओकलंडच्या पलीकडे अमेरिकेच्या दक्षिणेतली एक शेतीप्रधान काउंटी लागते : अलाबामा राज्यातली लाऊंड्स. तिच्या राजकारणाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

ब्लॅक पँथर पार्टी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची. तिचं मूळ अलाबामात असल्याचं वाचलं. नेमकं काय खरं? (छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही खरं आहे, फक्त क्रम लक्षात ठेवायचा. काळा पँथर आधी लाऊंड्स काउंटीत निवडणूक चिन्ह म्हणून आला. 'लाऊंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन' या स्थानिक पक्षाचं ते चिन्ह होतं. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ओकलंडमध्ये आपला पक्ष ऑक्टोबर १९६६मध्ये काढला आणि हे चिन्ह उचललं. तोवर लाऊंड्सचा पक्ष उमेदवार ठरवून प्रचारालाही लागला होता. पुढे १९७२मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने मुंबईत दलित पँथर उभी केली, ती ओकलंडचं नाव डोळ्यांपुढे ठेवून. म्हणजे वाट हेनव्हिल (लाऊंड्सचं मुख्य ठिकाण), ओकलंड, मुंबई अशी आहे. मधला मुक्काम इतका गाजला की पहिला बहुतेक लेखांतून गळतोच.

चिन्हाची गरज का पडली, हे आपल्याकडच्या वाचकाला फोड करून सांगायला नको. साक्षरता कमी, तेव्हा मतपत्रिकेवर नावासोबत चित्र हवं. अलाबामात डेमोक्रॅटिक पक्षाचं चित्र होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्याभोवती छापलेलं असे : 'गोऱ्यांचं वर्चस्व, न्यायासाठी'. १९६६च्या सुरुवातीला त्यातले 'गोऱ्यांचं वर्चस्व' हे शब्द काढून 'डेमोक्रॅट्स' घातलं गेलं. कोंबडा तोच राहिला.

नव्या पक्षासाठी आधी कबुतर सुचवलं गेलं होतं, ते कुणाला पटलं नाही. मग अटलांटातल्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंचं बोधचिन्ह असलेला पँथर पुढे आला. रूथ हॉवर्ड आणि डोरोथी झेल्नर या 'एसएनसीसी' नावाच्या विद्यार्थी चळवळीतल्या दोन कार्यकर्त्यांचा त्या चित्रात हात आहे. कोंबड्यासमोर पँथर. गावकऱ्यांना अर्थ सांगत बसावं लागलं नाही.

काउंटी म्हणजे तालुका की जिल्हा? तिथे कोण निवडून येतं? (सोलापूर)

आकाराने मोठा तालुका, अधिकाराने छोटा जिल्हा. लाऊंड्सचं क्षेत्रफळ सुमारे १,८७५ चौरस किलोमीटर आहे आणि २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या १०,३११. मुख्य ठिकाण हेनव्हिल. काउंटी १८३०मध्ये शेजारच्या काउंट्यांचे तुकडे जोडून झाली. नाव दक्षिण कॅरोलायनाचे काँग्रेस सदस्य विल्यम लाऊंड्स यांचं.

आपल्या जिल्ह्याशी तुलना इथेच थांबवावी लागते. आपल्याकडे पोलीस अधीक्षक, तहसीलदार हे नेमलेले अधिकारी. तिथे शेरीफ निवडून येतो. मालमत्तेचं मूल्य ठरवणारा कर-मूल्यांकक आणि वसूल करणारा कर-वसूलदार हेही तेव्हा निवडूनच येत. शाळा मंडळ, अपमृत्यूची चौकशी करणारा कोरोनर, वारसा आणि मृत्युपत्रांची कामं पाहणारा प्रोबेट न्यायाधीश, सगळे मतदानाने. शेरीफची जागा रिकामी झाली की त्याचं काम कोरोनरकडे येतं, म्हणून तेही पद शोभेचं नाही. कुणाच्या जमिनीचं मूल्य किती धरायचं, कुणाला पकडायचं आणि कुणाला सोडायचं, कुठली शाळा दुरुस्त करायची, हे सगळं या सात-आठ खुर्च्यांवर ठरतं. लाऊंड्सचा राजकीय इतिहास वाचायचा तर वॉशिंग्टनकडे नंतर बघा, आधी या खुर्च्यांवर कोण बसलंय ते बघा.

एक मात्र निवडून येत नसे : मतदार नोंदणी मंडळ. त्याचे तीन सदस्य राज्यातले तीन पदाधिकारी नेमत, म्हणजे गव्हर्नर, लेखापरीक्षक आणि कृषी आयुक्त. सगळी मेख तिथे होती.

ऐंशी टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय आणि १९६५च्या सुरुवातीला त्यांच्यातला एकही मतदार नाही! हे कायद्याने कसं जमवलं? (लातूर)

एका कायद्याने नाही जमलं. एकावर एक चाळण्या लावल्या होत्या. अलाबामाच्या १९०१च्या संविधानाने मतदानावर साक्षरतेची आणि मालमत्तेची अट घातली, शिवाय डोईपट्टी, म्हणजे मत द्यायचं तर माणशी भरायचा कर. डोईपट्टी वर्षाला दीड डॉलर, आणि थकबाकी साठत जायची. जमीनदाराच्या दुकानातल्या उधारीवर जगणाऱ्या कुळाला रोख दीड डॉलरही जड होता, तिथे अनेक वर्षांची थकबाकी कुठून भरायची?

त्यावर नोंदणीची पद्धत. कचेरी महिन्यात दोनच सोमवारी उघडायची, पहिल्या आणि तिसऱ्या. अर्ज लांबलचक, त्याला जोडून संविधानातला उतारा आणि प्रश्न. उत्तर बरोबर की चूक हे नोंदणी अधिकारी ठरवणार. शिवाय आधीच्या एखाद्या मतदाराने अर्जदाराची हमी द्यायची. कृष्णवर्णीय मतदार एकही नाही, म्हणजे हमी गोऱ्या माणसाकडूनच आणायची. या शेवटच्या अटीकडे फार कुणाचं लक्ष जात नाही, पण कुलूप तेच होतं. परीक्षा पास होऊनही दार उघडत नसे.

उलट बाजू पाहा. त्याच वेळी गोऱ्या मतदारांची नोंदणी पात्र गोऱ्यांच्या ११८ टक्के होती. गाव सोडून गेलेले आणि जग सोडून गेलेले यादीत तसेच राहिले होते.

१ मार्च १९६५ रोजी, पुढे शेरीफ झालेले जॉन ह्यूलेट यांच्यासह सदतीस-अडतीस जण हेनव्हिलच्या कोर्टात नोंदणीसाठी गेले. त्यांना परत पाठवलं. पुढच्या वेळी अर्ज घेतले ते कोर्टात नव्हे, जुन्या तुरुंगात. त्यातून दोघांची नोंदणी झाली : ह्यूलेट आणि अंध धर्मोपदेशक जे. सी. लॉसन. खरा फरक पडला तो ६ ऑगस्टच्या मतदान हक्क कायद्याने. चारच दिवसांनी केंद्राचे नोंदणी अधिकारी काउंटीतल्या फोर्ट डिपॉझिट गावी येऊन बसले, आणि साक्षरतेची परीक्षा संपली. राज्य निवडणुकांतली डोईपट्टी मार्च १९६६मध्ये न्यायालयांनी रद्द केली.

डेमोक्रॅटिक पक्षात न शिरता वेगळा पक्ष का काढला? आणि कायदेशीर पायऱ्या काय होत्या? (पुणे)

कारण साधं होतं. काउंटीतला डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजेच गोऱ्या जमीनदारांची संघटना. कृष्णवर्णीय मतदार येणार हे दिसताच तिने प्राथमिक निवडणुकीतल्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानातल्या) उमेदवारीचं शुल्क पन्नासवरून पाचशे डॉलरवर नेलं. कुळाच्या घरात वर्षाकाठी तेवढी रोकड दिसत नसे.

विद्यार्थी चळवळीच्या संशोधन विभागाचे जॅक मिनिस अलाबामाची कायदेसंहिता चाळत होते. त्यांना एक विसरलेलं कलम सापडलं : एका काउंटीपुरता पक्ष काढता येतो. त्याच्या अटी अशा.

उमेदवार ठरवण्यासाठी खुली सभा घ्यायची, आणि ती इतर पक्षांच्या प्राथमिक मतदानाच्याच दिवशी. १९६६मध्ये तो दिवस ३ मे होता. सभेत भाग घेणाऱ्याने त्या दिवशी दुसऱ्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत द्यायचं नाही. दिलं, तर सभेतलं मत बाद. म्हणजे ३ मेला प्रत्येक माणसापुढे निवड होती, कोंबडा की पँथर. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचं म्हणणं होतं की डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीतच मतं द्यावीत, कारण गव्हर्नरपदासाठी रिचमंड फ्लॉवर्स हा त्यातल्या त्यात बरा उमेदवार उभा होता. लाऊंड्सच्या लोकांनी ते ऐकलं नाही. आमच्या मते त्यांचं बरोबर होतं. गव्हर्नर लांब असतो, शेरीफ दारात.

सभा कोर्टाच्या आवारात घ्यायची ठरली, शेरीफने नकार दिला. वाटाघाटी होऊन अखेर कोर्टापासून अर्ध्या मैलावरच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये ती झाली. सुमारे नऊशे लोक आले. शेरीफसाठी सिडनी लोगन, कर-मूल्यांककासाठी अ‍ॅलिस मूर, कर-वसूलदारासाठी फ्रँक माइल्स, कोरोनरसाठी एमरी रॉस आणि शाळा मंडळासाठी तिघे, असे सात उमेदवार ठरले.

शेवटची अट : नोव्हेंबरच्या निवडणुकीत वीस टक्के मतं मिळाली तरच मान्यताप्राप्त पक्ष.

सभेआधी कित्येक महिने कार्यकर्त्यांनी आणखी एक काम केलं होतं, त्याकडे हल्लीच्या संघटनांनीही बघावं. प्रत्येक पद काय करतं हे सांगणाऱ्या चित्रमय पुस्तिका छापल्या आणि त्यावर वर्ग घेतले. साठ वर्षं ज्या समाजाला मतच नव्हतं, त्याला 'कर-मूल्यांकक निवडा' म्हणून काय कळणार? आधी तो तुमच्या शेजारच्या मळ्याचं मूल्य किती कमी लावतो हे दाखवावं लागतं.

मग १९६६मध्ये सगळे उमेदवार हरले कसे? बहुसंख्या असूनही? (नागपूर)

८ नोव्हेंबर १९६६ला सातही जण पडले. पँथरला जागेगणिक साधारण सोळाशे मतं, कोंबड्याला बावीसशे-तेवीसशे. लोकसंख्येत होतं तेवढं बहुमत यादीत नव्हतं, आणि यादीत आलेले सगळे मतपेटीपर्यंत पोचलेले नाहीत. मळेवाल्यांनी आपल्या कुळांना ट्रकमध्ये घालून मतदानाला नेलं; कुणाला मत द्यायचं हे गाडीतच सांगितलेलं. मताचं मोल घराने चुकवावं लागे. १९६५च्या अखेरीसच, नोंदणी केली म्हणून कितीतरी अर्धेलीच्या कुळांना मळ्यावरून काढून टाकलं होतं. त्यांच्यासाठी ८० नंबरच्या महामार्गालगत सहा एकर जागा घेऊन तंबू ठोकले. 'टेंट सिटी' म्हणतात ती हीच. काही कुटुंबं तिथे दोन वर्षांहून अधिक राहिली. तंबू बघून आलेलं कूळ मत देताना दहादा विचार करणारच.

तरीही चाळीस टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली होती. वीसची अट ओलांडून पक्षाला मान्यता मिळाली.

१९७०ला पक्षाने राज्यातल्या दुसऱ्या एका बंडखोर डेमोक्रॅटिक पक्षाशी हात मिळवला आणि जॉन ह्यूलेट शेरीफ झाले. ते अलाबामातले पहिले कृष्णवर्णीय शेरीफ असं कुठे छापलेलं दिसलं तर दुरुस्त करा. यादवी युद्धापाठोपाठच्या पुनर्बांधणीच्या काळानंतर तो मान मेकन काउंटीच्या ल्यूशियस अ‍ॅमरसन यांचा, १९६६चा.

ह्यूलेट मुळात लाऊंड्सचेच. बर्मिंगहॅममध्ये ओतशाळेत आणि कामगार संघटनेत काम केलं, धर्मोपदेशक फ्रेड शटल्सवर्थ यांच्या नागरी हक्क चळवळीत राहिले, १९५९मध्ये गावी परतले. सगळी प्रसिद्धी विद्यार्थी चळवळीच्या स्टोकली कारमायकल यांना मिळाली. ते उत्तम संघटक होते यात शंका नाही. १९६५च्या मार्चमध्ये मतदान हक्कासाठीच्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाच्या मागोमाग आले आणि वर्षभर काउंटीत राबले. पण ते १९६६मध्ये चळवळीचे अध्यक्ष होऊन देशभर गेले. ह्यूलेट मात्र बावीस वर्षं शेरीफ राहिले आणि नंतर प्रोबेट न्यायाधीश झाले. सत्तेत आल्यावर ते पुन्हा डेमोक्रॅटिक पक्षात गेले, तडजोडी केल्या, म्हणून जुने सोबती दुखावले. शेरीफच्या दंडुक्याने पोलिसी मारहाण थांबवता येते, जमीन फेरवाटून मिळत नाही. जमीन बहुतांश गोऱ्यांकडेच राहिली. १९६६मध्येच गोऱ्या मुलांसाठी 'लाऊंड्स अकॅडमी' ही खासगी शाळा निघाली.

'ब्लडी लाऊंड्स' हे नाव १९६५च्या खुनांवरून पडलं का? (कोल्हापूर)

नाही, नाव जुनं आहे. ऑगस्ट १९३५मध्ये शेतमजुरांच्या संघटनेने शंभर पौंड कापूस वेचणीला एक डॉलर मागत संप केला, तो गोळ्या घालून मोडला. १९४७मध्ये एल्मोर बोलिंग या धंद्यात वर आलेल्या कृष्णवर्णीय माणसाला ठार मारलं गेलं. गुन्हा काय, तर वर आला.

१९६५चे दोन खून जगाला कळले, कारण मेलेली माणसं गोरी होती. २५ मार्चला सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा संपल्यावर लोकांना गाडीतून पोचवणाऱ्या डेट्रॉइटच्या व्हायोला लियुझो यांना ८० नंबरच्या रस्त्यावर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी गोळ्या घातल्या. त्या मारेकऱ्यांच्या गाडीत एफबीआयचा एक खबरीही होता. कॉली लिरॉय विल्किन्सवर हेनव्हिलला दोनदा खटला चालला. पहिल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यात सुटला. मग डिसेंबरमध्ये माँटगोमेरीच्या केंद्रीय न्यायालयात, नागरी हक्क हिरावण्याच्या कटासाठी, दहा वर्षं लागली.

२० ऑगस्टला हेनव्हिलच्या तुरुंगातून नुकतेच सुटलेले धर्मशास्त्राचे विद्यार्थी जोनाथन डॅनियल्स एका दुकानाच्या दारात मारले गेले. सतरा वर्षांच्या रूबी सेल्सला त्यांनी बाजूला ढकललं आणि गोळी स्वतः घेतली. मारेकरी टॉम कोलमनवर आरोपही खुनाचा नव्हता, सदोष मनुष्यवधाचा होता. सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने त्याला सोडलं.

यातून एक कायदेशीर गोष्ट निघाली, तिची नोंद कमी होते. काउंटीच्या ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळतात, आणि अलाबामाच्या कायद्याने बायकांना सरसकटच वगळलंय, अशी याचिका गार्डिनिया व्हाइट आणि इतरांनी लावली. फेब्रुवारी १९६६मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन्ही वगळणुकी घटनाबाह्य ठरवल्या. स्त्रियांच्या हक्कांच्या अमेरिकी कायद्यात हा निकाल पायरीचा दगड मानतात, आणि तो कापसाच्या या काउंटीतून आला.

त्याआधीच्या काळात लाऊंड्सशी जोडलेली महत्त्वाची नावं कोणती? (ठाणे)

थोडक्यात. १८१३मध्ये क्रीक या मूळ अमेरिकी लोकांचं 'होली ग्राउंड' हे ठाणं इथेच पडलं. फोर्ट डिपॉझिट हे नाव त्याच युद्धातल्या रसदीच्या कोठारावरून आलंय. १८४०च्या दशकात सिनेटर डिक्सन हॉल लुईस हे राज्यांच्या स्वायत्ततेचे, पर्यायाने गुलामगिरीचे, कडवे पुरस्कर्ते होते. त्यांचं वजन दोनशे किलोच्या आसपास, त्यामुळे त्यांच्यासाठी खास खुर्ची लागायची. आठवण त्या खुर्चीचीच जास्त निघते, हे त्यांचं नशीब. १८६०मध्ये काउंटीत सुमारे साडेसत्तावीस हजार माणसं होती आणि त्यातले एकोणीस हजारांवर गुलाम.

१८९२मध्ये कॅल्हून गावी शार्लट थॉर्न आणि मेबल डिलिंगहॅम यांनी शाळा काढली. तिच्या भोवती जमीन विकत घेऊन ती कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना हप्त्याने विकली जाई. १९०६मध्ये कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी केंद्राच्या कामगार खात्यासाठी लाऊंड्सची घरोघर पाहणी केली. अहवाल राजकीय विषयांना हात घालतो म्हणून खात्याने छापला नाही आणि हस्तलिखितच नष्ट केलं. अभ्यासकाला याहून मोठं दुःख कुठलं?

तिथली 'ब्लॅक बेल्ट'ची माती आपल्या काळ्या मातीसारखीच का? तिचा राजकारणाशी संबंध काय? (यवतमाळ)

अगदी तशीच नाही. आपली बेसाल्टची, तिथली चुनखडीवरची. पण वागणं ओळखीचं : उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि चिबड होते. कापूस दोन्हीकडे. त्यांच्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला आणि मुंबईच्या सट्ट्याला जी तेजी आली ती याच पट्ट्यामुळे.

कापसामुळे मळे, मळ्यांमुळे गुलाम, म्हणून आजही कृष्णवर्णीय बहुसंख्या. आता तीच माती सांडपाण्यात आडवी येते. गावांबाहेर गटारं नाहीत, घराघराला सेप्टिक टाकी. टाकीत गाळ बसतो, वरचं पाणी छिद्रांच्या नळ्यांतून जमिनीत जिरायचं असतं. आपल्या शोषखड्ड्याचंच तत्त्व. पण या चिकणमातीत पाणी जिरतच नाही. पावसाळ्यात उलट फिरतं आणि न्हाणीघरातून वर येतं. उपाय म्हणजे बाहेरून वाळू आणून उंच भराव करायचा आणि पंपाने पाणी तिथे चढवायचं. त्याला दहा ते तीस हजार डॉलर लागतात. ज्यांना परवडत नाही ते मागच्या ओढ्याकडे सरळ पाइप काढतात. २०००च्या आसपास अशा घरमालकांवर राज्याने फौजदारी कारवाया केल्या. २०१७च्या पाहणीत तपासलेल्या ५५ जणांपैकी १९ जणांच्या नमुन्यांत आकडीकृमीचा अंश सापडला.

आता राजकारण. काउंटीकडे पैसा का नाही? अलाबामाच्या संविधानात मालमत्ता कराला कमाल मर्यादा आहे, आणि १९७८च्या दुरुस्तीने ती आणखी आवळली. शेतजमीन आणि लाकडाची जंगलं बाजारभावाने नव्हे, चालू वापराच्या भावाने मोजायची. कर-मूल्यांककाची खुर्ची पँथरवाल्यांनी जिंकली तरी दर राज्याच्या राजधानीत, माँटगोमेरीत बांधलेला.

सांडपाण्याचा हा प्रश्न लावून धरणाऱ्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स याच काउंटीतल्या. २०२०मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. केंद्रीय न्याय खात्याने २०२१मध्ये चौकशी सुरू केली, मे २०२३मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला, आणि एप्रिल २०२५मध्ये सरकार बदलल्यावर तो मोडला.

अटलांटात राहतो. पाहायला जायचं तर काय पाहावं? (ईमेलने)

आय-८५ने माँटगोमेरी अडीच तासांवर. तिथून ८० नंबर धरून सेल्माकडे निघालं की साधारण मध्यावर, व्हाइट हॉलजवळ, राष्ट्रीय उद्यान सेवेचं केंद्र आहे. टेंट सिटीची जागा तीच. लियुझो यांचं स्मारक याच रस्त्याच्या कडेला उंचवट्यावर आहे, वेगात असाल तर चुकतं. हेनव्हिलला महामार्ग सोडून दक्षिणेला आत वळावं लागतं. कोर्टाच्या चौकात डॅनियल्स यांचं स्मारक आहे, आणि दर ऑगस्टमध्ये तिथे त्यांच्या नावाची यात्रा निघते. उकाडा दमट असतो, पाणी जवळ ठेवा.

नकाशावर शोधताना राज्याचं नाव टाकायला विसरू नका. लाऊंड्स काउंटी जॉर्जियात एक आहे, मिसिसिपीत एक आहे. अटलांटाहून नुसतं 'लाऊंड्स' टाकलंत तर बहुधा जॉर्जियातल्या व्हाल्डोस्टाला पोचाल.